तीन ग्रीक शब्दांचा अर्थ आणि अनर्थ

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आम्हांस आलें. हे गृहस्थ नगरकडील एका खेड्यांतल्या ख्रिस्ती घराण्यांतले असून आज एका शाळेंत मराठीचे शिक्षक आहेत. त्यांच्या आई अलीकडेच वारल्या. बाई फारशा शिकलेल्या नव्हत्या. परंतु नारायण वामन टिळकांचे अभंग त्यांस मुखोद्गत होते, आणि दळतां-कांडतांना शेजारणींच्या तोंडीं जसे तुकोबा तसे ह्यांच्या तोंडीं टिळक असत. आपणांस मूठमाती देतांना अमुक एक अभंग म्हणावा, एवढीच इच्छा त्यांनीं मागें ठेविली होती. त्या दिवशीं उपासना चालविण्यास जे पाहुणे उपदेशक आले होते, त्यांनीं ती पुरी होऊं दिली नाहीं. त्यांचें म्हणणें असें पडलें कीं, देवासमोर गावयाचीं गीतें देवानेंच नेमून दिलेलीं आहेत. तीं म्हणजे बायबलांतील दीडशें स्तोत्रें होत. नव्या करारांतील मूळ ग्रीक शब्दांवरून हें निर्विवाद ठरतें. आणि माणसानें रचिलेलें पद उपासनेंत आणणें म्हणजे वेदीवर परका अग्नि ठेवणें होय. ग्रीक भाषेचें नांव निघतांच जमलेली मंडळी गप्प झाली. अभंगावांचून माती पडली. शेवटीं आमचे विद्यार्थी लिहितात : 'सर, ग्रीक भाषा खरोखरच असें म्हणते काय ? म्हणत असेल तर मी मुकाट्यानें बसेन. म्हणत नसेल तर मला तें कळलें पाहिजे.'

आम्ही ख्रिस्ती नव्हों. तेव्हां दुसऱ्याच्या देवघरांत आम्हीं कां डोकवावें, असें कोणी विचारील. ह्यास आमचीं उत्तरें दोन. हा वाद निव्वळ श्रद्धेचा असता तर आम्हीं मौन धरिलें असतें. परंतु येथें जो निवाडा झाला तो शब्दार्थाच्या जोरावर झाला आहे, आणि शब्दार्थ हा आमचा तीस वर्षांचा धंदा आहे. दुसरें असें कीं, टिळकांची कविता ही एका समाजाचीच मिरास नाहीं. ती मराठी वाङ्मयाची आहे. एका मराठी म्हातारीच्या मृत देहाजवळ मराठी अभंगाला मज्जाव व्हावा आणि तो ग्रीक व्याकरणाच्या नांवानें व्हावा, हें पाहून दोन्ही भाषांच्या वतीनें चार शब्द बोलणें आम्हांस प्राप्त आहे.

ज्या वचनांवर हा सारा डोलारा उभा आहे तीं दोन आहेत. पौलाच्या नांवावर असलेल्या इफिसकरांस पत्राच्या पांचव्या अध्यायांत एक, व कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत दुसरें. दोहोंचा भावार्थ एकच : मंडळींतील लोकांनीं तीन प्रकारच्या गीतांनीं एकमेकांशीं बोलावें, एकमेकांस शिकवावें, आणि अंतःकरणांत प्रभूसाठीं गावें. हे तीन प्रकार सांगणारे ग्रीक शब्द म्हणजे 'प्साल्मॉस', 'हिम्नॉस' आणि 'ओडी'. तिसऱ्या शब्दाला 'न्यूमॅटिकी', म्हणजे आत्म्याचें किंवा आध्यात्मिक, असें विशेषण जोडलें आहे. शब्द एवढेच, परंतु ह्या तीन शब्दांवर युरोप-अमेरिकेंत चारशें वर्षें वाद चालला आहे, मंडळ्या फुटल्या आहेत आणि शेजारी शेजाऱ्यांस दुरावले आहेत.

जिनीव्हा येथें कॅल्व्हिनच्या प्रेरणेनें मारो व बेझ ह्या दोघांनीं फ्रेंच पद्यांत उतरविलेलीं दीडशें स्तोत्रें १५६२ सालीं पुरीं झालीं. स्कॉटलंडनें १५६४ त आपला स्तोत्रग्रंथ काढला आणि १६५० त तो नव्यानें सिद्ध केला. इंग्लंड सोडून मॅसाच्युसेट्सच्या किनाऱ्यावर गेलेल्या प्युरिटनांनीं १६४० सालीं जो स्तोत्रग्रंथ छापला, तोच त्या इंग्रजी वसाहतींत छापलेला पहिला ग्रंथ होय. आणि पौलाचे तिन्ही शब्द स्तोत्रांनाच लागू आहेत असा पक्ष त्यांचे धर्मोपदेशक जॉन कॉटन ह्यांनीं १६४७ च्या आपल्या पुस्तकांत मांडला. लंडनमध्यें बेंजामिन कीच ह्या बॅप्टिस्ट उपदेशकांनीं १६७३ च्या सुमारास प्रभुभोजनानंतर एक नवें गीत म्हणण्याचा प्रघात पाडला. त्यावर इतकें वादळ उठलें कीं १६९१ त त्यांना त्याच्या समर्थनार्थ स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला, आणि त्यांच्या मंडळींतील कांहीं लोक बाहेर पडले ते पडलेच. हें सारें जुनें झालें असें कोणी समजूं नये. अमेरिकेंतील ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन मंडळीपुढें १९४७ सालीं जॉन मरे व विल्यम यंग ह्या दोघा विद्वानांनीं स्तोत्रांचाच पक्ष घेऊन भिन्नमतपत्रिका सादर केली. आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चनें स्तोत्रांखेरीज इतर गीतांना व वाद्यांना सार्वजनिक उपासनेंत मोकळीक दिली ती २०१० च्या नोव्हेंबरांत, तीहि थोड्याशा मताधिक्यानें.

आतां स्तोत्रपक्षाचें म्हणणें त्याच्या पुऱ्या बळानिशीं मांडूं. कारण त्याची थट्टा करणारे पुष्कळ आहेत, तें नीट वाचणारे थोडे. पौलाच्या वाचकांपुढें जुना करार होता तो हिब्रू नव्हे, तर सत्तर पंडितांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें ग्रीक भाषांतर. त्या भाषांतरांत स्तोत्रांच्या मथळ्यांवर हेच तीन शब्द ठिकठिकाणीं आढळतात. हिब्रू गणनेप्रमाणें ७६ वें जें स्तोत्र, त्याच्या एकाच मथळ्यांत तिन्ही शब्द एकत्र आले आहेत. ७२ व्या स्तोत्राच्या अखेरीस दाविदाच्या प्रार्थना समाप्त झाल्या असें हिब्रूंत म्हटलें आहे. तेथें ग्रीक भाषांतरकारांनीं प्रार्थनेच्या जागीं 'हिम्नॉस' हा शब्द योजिला आहे. यहुदी इतिहासकार जोसीफस दाविदाच्या रचनांना 'ओडी' व 'हिम्नॉस' म्हणतो. फायलो तर स्तोत्रांना सरसहा 'हिम्नॉस'च म्हणतो. येशू व त्याचे शिष्य शेवटच्या भोजनानंतर गाऊन बाहेर पडले, तेथें शुभवर्तमानांत 'हिम्नॉस'चेंच क्रियापद आहे, आणि तें गाणें म्हणजे वल्हांडणाच्या वेळीं म्हणावयाचीं ११३ ते ११८ हीं स्तोत्रें असावींत असें बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हां 'साम' म्हणजे जुन्या करारांतलें आणि 'हिम्न' म्हणजे नवें रचलेलें, हा जो भेद आजच्या इंग्रजी वाचकाच्या कानांत बसला आहे, तो पौलाच्या वाचकांच्या कानांत नव्हता. एवढें स्तोत्रपक्षानें पुरतें सिद्ध केलें आहे, आणि आम्ही तें निःशंकपणें मान्य करतों.

परंतु सिद्ध काय झालें ? हे तीन शब्द स्तोत्रांस *लागतात*, एवढेंच. ते स्तोत्रांखेरीज दुसऱ्या कशास *लागत नाहींत*, हें त्यावरून कसें निघालें ? 'आंब्याला फळ म्हणतात' ह्या वाक्यावरून फणस हें फळ नव्हे असें कोणी काढूं लागला, तर आमच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांतहि हंशा पिकेल. आणि त्याच ग्रीक भाषांतराची पानें आणखी थोडीं उलटलीं तर ह्या पक्षाचा आधारच त्याच्या विरुद्ध साक्ष देऊं लागतो. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मोशेनें गाइलेलें गीत तेथें 'ओडी' आहे. तें स्तोत्रसंहितेंत नाहीं. मरणापूर्वीं त्यानें इस्राएलास ऐकविलेलें गीत 'ओडी' आहे. तेंहि स्तोत्रसंहितेंत नाहीं. हबक्कूक संदेष्ट्याची प्रार्थना 'ओडी'सह आहे. यशयाच्या ४२ व्या अध्यायांत प्रभूसाठीं नवा 'हिम्नॉस' गा असें सांगितलें आहे. हे शब्द दीडशें गीतांच्या कुंपणांत कोंडलेले असते, तर ते कुंपणाबाहेर इतक्या मोकळेपणीं हिंडतांना दिसले नसते.

पौलाचा स्वतःचा प्रयोग पाहावा. करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायांत तो सभेचें वर्णन करतो : तुम्ही एकत्र जमतां तेव्हां कोणाजवळ 'प्साल्मॉस' असतो, कोणाजवळ शिकवण, कोणाजवळ प्रकटीकरण, कोणाजवळ अन्य भाषा. ह्या यादींतील बाकीच्या वस्तु त्या त्या माणसाला त्या वेळीं स्फुरलेल्या आहेत. मग एकटा 'प्साल्मॉस' तेवढा जुन्या ग्रंथांतून उचललेला मानावयाचा, ह्यास वाक्यांत आधार कोठें आहे? आणि चौथ्या शतकांतील लाओदिकियाच्या धर्मसभेचा ५९ वा नियम तर ह्या बाबतींत फार बोलका आहे. खाजगी रचना मंडळींत म्हणूं नयेत असा तो निषेध आहे, म्हणून स्तोत्रपक्षाला तो प्रिय आहे. परंतु त्या खाजगी रचनांना तो नियम काय म्हणतो ? 'खाजगी प्साल्मॉस' ! म्हणजे ज्यांनीं नव्या रचनांवर बंदी घातली, त्यांच्याहि भाषेंत 'प्साल्मॉस' हा शब्द नव्या रचनांना चालत होता. शब्दानेंच जर त्या वगळल्या गेल्या असत्या, तर नियम करण्याची गरजच पडली नसती.

उरलें 'न्यूमॅटिकी' हें विशेषण. पौलाच्या लेखनांत हा शब्द बहुधा पवित्र आत्म्याला उद्देशून येतो, म्हणून 'आत्म्याचें गीत' म्हणजे आत्म्यानें लिहविलेलें, अर्थात् शास्त्रांतलें गीत, असा स्तोत्रपक्षाचा युक्तिवाद आहे. ह्यांतील पहिलें पाऊल बरोबर आहे. दुसरें घसरलें आहे. कारण हाच पौल माणसांनाहि 'न्यूमॅटिकॉस' म्हणतो. गलतीकरांच्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत कोणी चुकला तर तुम्ही जे आत्मिक आहां त्यांनीं त्याला सौम्यपणें सांवरावें, असें तो सांगतो. ते गलतीकर कांहीं शास्त्रग्रंथ नव्हते. आत्म्यानें चालणारा मनुष्य जर 'न्यूमॅटिकॉस' होऊं शकतो, तर त्या मनुष्याच्या तोंडून निघालेलें गीत 'न्यूमॅटिकी' कां होऊं नये, ह्याचें उत्तर आम्हांस अजून कोठें मिळालेलें नाहीं.

येथें आमच्या मीमांसकांची आठवण होते. त्यांनीं विधिवाक्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. जें दुसऱ्या प्रमाणानें कळलें नसतें तें सांगणारा अपूर्वविधि. अनेक पर्यायांपैकीं एक नेमून देणारा नियमविधि. आणि कांहींचें नांव घेऊन बाकीच्यांचा निषेध करणारी परिसंख्या. पांच नखांच्या प्राण्यांपैकीं पांचच भक्ष्य आहेत, हें परिसंख्येचें प्रसिद्ध उदाहरण. तेथें खाण्याची आज्ञा नाहीं, इतर प्राणी खाण्याचा निषेध आहे. परंतु ह्याच मीमांसकांनीं बजावून ठेविलें आहे कीं, परिसंख्येला तीन दोष चिकटलेले आहेत : सांगितलेला अर्थ टाकावा लागतो, न सांगितलेला कल्पावा लागतो, आणि अन्यथा प्राप्त असलेल्या गोष्टीस बाध आणावा लागतो. म्हणून दुसरी गतिच नसेल तरच ती मानावी. पौलाच्या वाक्याची परिसंख्या केल्याबरोबर हे तिन्ही दोष त्यास जडतात. 'गा' ह्या आनंदाच्या आज्ञेचा 'हें गाऊं नका' असा निषेध होतो. जो निषेध वाक्यांत नाहीं तो कल्पिला जातो. आणि करिंथच्या सभेंत जें प्राप्त होतें त्याला बाध येतो. गंमत अशी कीं, इफिसकरांच्या पत्रांत ह्या आज्ञेच्या अगदीं लगत एक निषेध खरोखरच आहे. परंतु तो मद्याचा आहे. द्राक्षारसानें मस्त होऊं नका, आत्म्यानें भरून जा आणि गा, असा त्या वाक्याचा ओघ आहे. पौलानें गाण्याच्या विरुद्ध बाजूला उभी केली ती नशा. त्या जागीं दुसऱ्या कोणाचें गाणें आणून उभें करण्याचा अधिकार टीकाकाराला कोणीं दिला?

आणखी एक गोष्ट स्तोत्रपक्षानें मनावर घ्यावी. तो पक्ष जें गातो तें खरोखर दाविदाचें असतें काय ? हिब्रू कवितेंत आठ व सहा अक्षरांच्या ओळींचें वृत्त नाहीं आणि ओळीच्या अखेरीस यमक जुळविण्याचा नियमहि नाहीं. तिची लय अर्थाच्या जोडओळींवर चालते. स्कॉटलंडच्या १६५० च्या ग्रंथांत हीं स्तोत्रें बहुतांशीं त्या आठ-सहाच्या वृत्तांत बसविलीं आहेत. तीं बसवितांना शब्द मागेंपुढें करावे लागले, कोठें पदरचे घालावे लागले, कोठें गाळावे लागले. हें काम माणसांनींच केलें, आणि सतराव्या शतकांतल्या माणसांनीं केलें. जिनीव्हाच्या १५६२ च्या ग्रंथांतहि दहा आज्ञा व शिमोनाचें गीत ह्यांना जागा आहे. तीं दीडशांत मोडत नाहींत. स्तोत्र छंदांत उतरविणाऱ्या माणसाचे शब्द पवित्र आणि त्याच स्तोत्राच्या आधारें अभंग करणाऱ्या माणसाचे शब्द परका अग्नि, ही वांटणी कोणत्या तराजूनें केली, हें आम्हांस कळत नाहीं. आयझॅक वॉट्सनें १७१९ त स्तोत्रांचीं ख्रिस्ती रूपांतरें केलीं आणि कांहीं ठिकाणीं इस्राएलाच्या जागीं ब्रिटन आणून बसविलें, तेव्हां त्यानें मर्यादा ओलांडली हें आम्हीहि म्हणूं. पण मर्यादा किती ओलांडली हा तेथें प्रश्न आहे, ओलांडली कीं नाहीं हा नव्हे.

एवढ्यावरून गीतपक्षाचे लोक आमच्याकडे पाहून हंसत असतील तर त्यांनीं थोडें थांबावें. शब्दांशीं खेळण्याचा दोष त्यांच्याहि माथीं आहे. त्यांनीं काय केलें ? तीन शब्दांच्या तीन पेट्या केल्या. एका पेटींत जुन्या कराराचीं स्तोत्रें, दुसरींत मंडळीचीं ठराविक गीतें, तिसरींत आपापल्या अनुभवाचीं सुटीं पदें. आणि आज कांहीं पंथांत तर तिसरी पेटी म्हणजे अन्य भाषांत त्या क्षणीं स्फुरलेलें गाणें, असेंहि शिकविलें जातें. पेट्या करण्याची हौस जुनीच आहे. जेरोमनें पहिला शब्द आचरणाशीं, दुसरा देवाच्या सामर्थ्याच्या वर्णनाशीं आणि तिसरा सृष्टींतील सुसंवादाच्या चिंतनाशीं जोडला. ऑगस्टिननें 'हिम्नॉस'ला तीन अटी लावल्या : स्तुति हवी, ती देवाची हवी, आणि ती गाइलेली हवी. लाइटफूटनें १८७५ च्या आपल्या भाष्यांत पहिल्या शब्दांत वाद्याची सांथ, दुसऱ्यांत स्तुति आणि तिसऱ्यांत सामान्य गान पाहिलें. तिघेहि मोठे विद्वान्. परंतु तिघांच्या पेट्या तीन प्रकारच्या निघाल्या, ह्यावरूनच पेट्या पौलाच्या नव्हत हें उघड होतें.

ह्याच वाटेनें अमेरिकेंत आणखी एक तंटा झाला. केंटकींतील मिडवे येथें १८६० च्या सुमारास एका मंडळींत मेलोडियन वाजूं लागलें, आणि पौलाच्या वाक्यांतील 'प्सालो' ह्या क्रियापदावर लढाई जुंपली. त्याचा मूळ अर्थ तार छेडणें. तेव्हां वाद्य हवेंच, निदान चालेल, असें एक पक्ष म्हणे. पौलाच्या काळीं त्याचा अर्थ केवळ गाणें असा झाला होता, म्हणून वाद्य नको, असें दुसरा म्हणे. कर्फीस ह्यांनीं १९११ त वाद्यांविरुद्ध ग्रंथ लिहिला, पेन ह्यांनीं १९२० त वाद्यांच्या बाजूनें लिहिला. दोघांनींहि कोशांचीं पानें एकमेकांवर फेंकलीं. तोंवर, १९०६ च्या अमेरिकन शिरगणतींत, त्या एका पंथाच्या दोन शाखा वेगळ्या नोंदल्या गेल्या होत्या. त्या दुहीचें वाद्य हें एक प्रमुख कारण होतें. व्युत्पत्तीनें जर आचार ठरूं लागला तर आम्हां सर्वांस पत्रें झाडाच्या पानावर लिहावीं लागतील, आणि दर्भ कापल्यावांचून कोणास 'कुशल' म्हणतां यावयाचें नाहीं. योगार्थापेक्षां रूढार्थ बलवत्तर, हें आमच्या अलंकारशास्त्रांतील बालबोध तत्त्व. तें कोणी तेथें सांगितलें असतें तर बरें झालें असतें.

ह्या तीन शब्दांकडे पाहण्याची सरळ दृष्टि मराठी माणसाला तर घरच्या घरींच मिळते. समजा, एखाद्या संतानें शिष्यांस लिहिलें कीं, ओव्या, अभंग, भजनें म्हणत एकमेकांस जागें करा. ओवी व अभंग हीं नांवें रचनेवरून पडलीं, भजन हें उपयोगावरून. एकच पद एकाच वेळीं अभंगहि असतें आणि भजनहि असतें. पांचशें वर्षांनीं कोणी पंडित निघून म्हणूं लागला कीं, अभंग म्हणजे तुकोबांचेच, ओव्या म्हणजे ज्ञानेश्वरांच्याच, बाकी सर्व निषिद्ध. आणि दुसरा म्हणूं लागला कीं, नाहीं, हे उपासनेचे तीन स्वतंत्र विभाग असून प्रत्येकाला वेगळी वेळ पाहिजे. तर आपण दोघांनाहि हात जोडूं. बोलणाऱ्याच्या मनांत यादी नव्हती, भरभरून सांगणें होतें. बायबलची भाषाहि अशीच भरीव आहे. चिन्हें, अद्‌भुतें व पराक्रम, किंवा अधर्म, अपराध व पाप, असे तिपेडी शब्दगुच्छ तींत जागोजाग आढळतात, आणि त्यांच्या पेट्या करावयास कोणी बसत नाहीं. शिवाय इफिस व कलस्सै हीं गांवें आशियामायनरांतलीं. तेथल्या मंडळींत ग्रीक घरांतून आलेले लोक पुष्कळ होते. त्यांनीं 'हिम्नॉस' हा शब्द आपल्या जुन्या देवदेवतांच्या स्तवनांसाठीं लहानपणापासून ऐकला होता. तो ऐकतांच त्यांच्या मनांत दीडशें स्तोत्रेंच तेवढीं उभीं राहात असतील, हें संभवत नाहीं. पुढें ११२ सालच्या सुमारास प्लिनीनें सम्राट् ट्राजनास कळविलें कीं, हे लोक पहांटे जमून ख्रिस्ताला देव मानून त्याचें गीत आळीपाळीनें म्हणतात. ख्रिस्ताचें नांव दीडशांपैकीं एकाहि स्तोत्रांत उच्चारलेलें नाहीं, हें येथें लक्षांत घ्यावें.

परंतु स्तोत्रपक्षाचें एक म्हणणें असें आहे कीं तें ग्रीकच्या आधारावांचून उभें राहतें, आणि त्यापुढें आम्ही मान लववितों. गीतपक्षाला स्वातंत्र्य मिळालें; त्याचें त्यानें काय केलें ? दीडशें स्तोत्रांपैकीं एक तृतीयांशाहून अधिक विलापाचीं आहेत. ८८ वें तर अंधारांतच संपतें. शेवटीं आशेचा एक शब्दहि नाहीं. देवाला जाब विचारणारीं, शत्रूंचें नांव घेऊन तळमळणारीं, रात्रभर आंथरूण भिजविणारीं हीं गीतें छळ झालेल्या माणसांनीं जपलीं. फ्रान्समधील ह्यूगनो ६८ वें स्तोत्र गात रणांत उतरले. आज कित्येक मंडळ्यांतून पडद्यावर चार ओळी झळकतात, त्याच चार ओळी दहादां घोळल्या जातात, त्यांत देव गोड असतो आणि भक्त सुखी असतो. ज्याच्या घरीं आजच मृत्यु झाला आहे तो मनुष्य तेथें काय गाईल ? पौलाच्या यादींत 'प्साल्मॉस' पहिला आहे. गीतपक्षानें दुसऱ्या दोन शब्दांचा हक्क सांगून पहिल्याचें कर्ज बुडविलें, हा स्तोत्रपक्षाचा आरोप खरा आहे, आणि त्याचें उत्तर कोशांत नाहीं. तें गाऊनच दिलें पाहिजे.

मग कसोटी कोणती ? ती वाक्यांतच आहे. वाद घालणाऱ्यांनीं तीन नामांवर इतका भर दिला कीं भोंवतालचीं क्रियापदें वाचलींच नाहींत. ख्रिस्ताचें वचन तुमच्यांत भरपूर वसो, एकमेकांस शिकवा, बोध करा, कृतज्ञतेनें गा. गीत कोणीं व केव्हां रचलें हें तेथें विचारलेलें नाहीं. त्यानें शिकविलें काय, एकमेकांस कळलें काय, अंतःकरणांतून निघालें काय, हें विचारलें आहे. ह्या कसोटीला जुनें स्तोत्र उतरेल, नवा अभंगहि उतरेल. आणि दोहोंपैकीं कोणतेंहि नुसतें ओठांनीं म्हटलें तर तें उतरणार नाहीं.

महाराष्ट्रांत ही कसोटी एकदां लागून गेली आहे. फादर स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटानें गोव्यांत ख्रिस्तकथा सांगावयाची ठरविली तेव्हां त्यानें ओवी घेतली; सुमारें अकरा हजार ओव्यांचें त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. अमेरिकन मिशनरी मुंबईस १८१३ त आले, स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ त. विल्सन ज्या मंडळींत वाढले तींत त्या काळीं १६५० चीं छंदोबद्ध स्तोत्रें व १७८१ चीं शास्त्रभागांचीं पद्यरूपें हींच गाइलीं जात. म्हणजे हा वाद आमच्या किनाऱ्यास नवा नाहीं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढें त्यांनीं परक्या चालींच्या जागीं अभंग, पद आणि कीर्तन आणलें. आपण ख्रिस्ताकडे आलों तो तुकारामाच्या वाटेनें, ही भावना त्यांनीं कधीं लपविली नाहीं. त्या एका माणसामुळें पुष्कळ निरक्षर बायांना आपल्या देवाशीं आपल्या भाषेंत, आपल्या चालींत बोलतां आलें. एकमेकांस शिकवा, ह्या आज्ञेचें ह्याहून सरळ पालन आम्हांस ठाऊक नाहीं. आणि ज्या ग्रंथाला पाहुणे उपदेशक एकमेव मानतात त्याचें मराठी नांव काय ? स्तोत्रसंहिता. ह्यांतला 'स्तोत्र' शब्द रामरक्षेच्या घरचा आणि 'संहिता' वेदांच्या घरची. तो ग्रंथ मराठींत आणतांनाच मराठी माणसाच्या कानांतले शब्द उसने घ्यावे लागले. मग त्याच कानांतली चाल व तोच छंद तेवढा परका अग्नि कसा ठरला?

आमच्या विद्यार्थ्यांस आम्हीं असें उत्तर लिहिलें आहे : ग्रीक भाषा असें म्हणत नाहीं. स्तोत्रेंच गावींत असें एखाद्या मंडळीनें आपल्यापुरतें ठरविलें तर तो तिचा अधिकार आहे. तिच्या शिस्तीचा आम्ही आदर करूं, आणि त्या स्तोत्रांचें मोलहि आम्ही जाणतों. परंतु आपली शिस्त पौलाच्या तोंडीं घालण्याचा आणि ज्यांस ग्रीक येत नाहीं अशा शोकाकुल माणसांस ग्रीकचा धाक घालून गप्प करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. तुमच्या आईंनीं मागितलें त्यांत शास्त्राविरुद्ध कांहीं नव्हतें. वर्षश्राद्ध तुमच्यांत नसतें, हें आम्ही जाणतों. परंतु कबरीवर फुलें वाहावयास तुम्ही पुढल्या वर्षीं जाल. त्या दिवशीं आधीं ८८ वें स्तोत्र वाचा, कारण तें दुःखाचें आहे आणि खरें आहे. मग तो अभंग मोठ्यानें म्हणा. कळवाल तर आम्हीहि येऊं. चाल आम्हांस ठाऊक आहे.